व्हिडिओ गेम : खेळ कधी, रोग कधी?

दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरची गोष्ट. संध्याकाळचे पेशंट संपत आले होते. एक गृहस्थ आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन आले. मागोमाग मुलाची आई. गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढला, माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हा बघा रोग. यावर काहीतरी औषध द्या, नाहीतर आज हा फोन मी दगडाखाली ठेचतो.”

मुलाचे डोळे लाल होते. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ सूज होती. आई एकेक सांगू लागली. जेवणात लक्ष नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पांघरुणातून उजेड दिसतो. सहामाहीत तीन विषय गेले. फोन काढून घेतला की अंगावर धावून येतो, नाहीतर दार लावून बसतो. मुलगा फरशीकडे बघत उभा होता. हे सगळे दुसऱ्याच कुणाबद्दल चालले आहे, असा त्याचा चेहरा.

मी त्याला विचारले, “कुठला गेम खेळतोस रे?”

आईवडील दोघेही चमकले. मुलाने प्रथमच मान वर केली आणि पुटपुटत नाव सांगितले. मी म्हणालो, “आमच्या वेळी कॉन्ट्रा होता. मी आणि माझा मुलगा दोघे मिळून खेळायचो. आठच्या आठ लेव्हल पार केल्या होत्या.”

“तुम्ही? गेम?” मुलगा म्हणाला. दवाखान्यात आल्यापासूनचे त्याचे हे पहिले दोन शब्द.

वाचकहो, चाळीस वर्षे लोकांना पथ्य सांगणाऱ्या डॉक्टरने आज कबुली द्यायची ठरवली आहे. होय, मी व्हिडिओ गेम खेळलो आहे आणि मला तो अतिशय आवडत असे. म्हणूनच या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे, असे वाटते.

मनीष मार्केटमधला खोका

१९९४ साली एका परिषदेसाठी मी मुंबईला गेलो होतो. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. परत येताना मनीष मार्केटमधून त्याच्यासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेतला. मूळ जपानी यंत्राची ती स्वस्त नक्कल होती. सोबत एक पिवळी कॅसेट. तिच्यावर ‘९९९९ इन वन’ असे छापलेले. प्रत्यक्षात पाच-सहा खेळ, तेच पुन्हा पुन्हा निराळ्या नावांनी.

त्या कॅसेटमध्ये मिशीवाला मारिओ होता. जपानच्या निन्टेंडो कंपनीने काढलेला हा प्लंबर आमच्या आळीतल्या पोरांना नात्यातला वाटत असे. रणगाड्यांचा खेळ होता. त्यात विटांच्या भिंतीआड बसलेला आपला गरुड सांभाळायचा असे. आणि कॉन्ट्रा होता. दोन सैनिक, दोघांना तीन-तीन ‘लाइफ’. गोळी लागली की एक लाइफ गेली.

खेळ सुरू झाला नाही की पोरे कॅसेट काढून तिच्यात जोरात फुंकर मारीत आणि पुन्हा बसवीत. लगेच चित्र येई! खरे पाहता फुंकरीचा काही उपयोग नसे. तोंडातल्या दमट हवेने उलट पट्ट्या गंजायच्या. कॅसेट काढून पुन्हा नीट बसवली गेल्यामुळे खेळ चालू होई, श्रेय मात्र फुंकरीला. आमच्या व्यवसायातही असे पुष्कळ घडते. आपोआप जाणारी सर्दी जाते आणि नाव इंजेक्शनचे होते. असो.

मी सुरुवातीला मुलगा खेळतो कसा ते बघायला बसलो आणि दुसरा रिमोट हातात घेतला तो घेतलाच. रात्री दवाखाना बंद करून आलो की जेवणाआधी अर्धा तास आमचा कॉन्ट्रा. माझा सैनिक सतत मरे. माझ्या तिन्ही लाइफ संपल्या की त्या खेळात जोडीदाराची एक लाइफ उसनी घ्यायची सोय होती. मुलगा ओरडायचा, “बाबा, माझी घ्या, पण आता खड्ड्यात पडू नका!” त्या अर्ध्या तासात तो मला शाळेतल्या मारामाऱ्या, सरांच्या नकला, मित्राच्या घरी झालेले भांडण असे सगळे सांगत असे. समोरासमोर बसवून विचारले असते तर त्यातले अर्धेही बोलला नसता.

आमच्या सौभाग्यवतींचा खेळ वेगळा. तळहातात मावणाऱ्या, पेन्सिल सेलवरच्या खेळण्यात वरून पडणाऱ्या विटा जुळवायच्या. टेट्रिस म्हणतात त्याला. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तो तयार केला. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ती खेळे. तिसरी शिट्टी झाली की खेळणे फडताळावर.

या आठवणी एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण पुढे येईलच.

हात, डोळे आणि झोप

आता थोडे वैद्यकशास्त्र पाहू. व्हिडिओ गेमची दुखणी नवी नाहीत. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ १९७८ साली आला आणि १९८१ मध्ये त्याच्या नावाने मनगटाच्या दुखण्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. १९९० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या प्रसिद्ध नियतकालिकात एका ३५ वर्षांच्या बाईंची हकीकत आली. त्या सलग पाच तास गेम खेळल्या आणि दुसऱ्या दिवशी अंगठा प्रचंड दुखू लागला. डॉक्टरांनी त्या दुखण्याचे नाव ठेवले ‘निन्टेंडिनायटिस’!

अंगठा हलवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. तीच हालचाल हजारो वेळा केली की तिथे सूज येते. घरच्या घरी तपासायचे असेल तर अंगठा मुठीत धरा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या बाजूने मनगटात कळ आली तर हेच दुखणे असण्याचा संभव आहे. विश्रांती, बर्फाचा शेक आणि काही दिवस पट्टा बांधणे एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. चोळू मात्र नये.

डोळ्यांचे म्हणाल तर आपण एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याहून खाली येते. डोळ्यांतला ओलावा सुकतो. मग जळजळ, लाली, डोके जड होणे. यावर सोपा उपाय म्हणजे दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरचे काहीतरी बघणे. दारातले झाड बघितले तरी चालेल. लहान मुलांत चष्म्याचा नंबर लागण्याला जवळचे काम जसे कारण आहे, तसेच उजेडात न खेळणे हेही आहे. रोज दीड-दोन तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत जवळच्या दृष्टीचा दोष कमी आढळतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. तेव्हा संध्याकाळचे मैदान हे डोळ्यांचेही औषध आहे.

झोपेचे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते. पडद्याच्या प्रकाशाने झोप आणणारे संप्रेरक उशिरा पाझरते. शिवाय खेळाची चढलेली धुंदी फोन ठेवल्यावर लगेच उतरत नाही. वाढत्या वयाच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. ती पाच तासांवर आली की चिडचिड, विसराळूपणा, अभ्यासातली घसरण हे सगळे ओघाने येते आणि आपण म्हणतो, मुलगा बिघडला. पुष्कळदा तो बिघडलेला नसतो, पेंगुळलेला असतो.

फिट येणाऱ्यांसाठी

एक महत्त्वाची सूचना इथेच देतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन या व्हिडिओ गेमवरून काढलेली कार्टून मालिका दूरदर्शन संचावर चालू असताना लाल-निळ्या प्रकाशाची वेगाने उघडझाप झाली आणि सुमारे ६८५ प्रेक्षकांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले. काही थोड्या लोकांच्या मेंदूला अशी उघडझाप सोसत नाही. सर्वसाधारण लोकांत चार हजारांत एखाद्याला हा दोष असतो.

अशा मुलाला खेळता खेळता झटका आला तर गेमला भूत चिकटले असे समजून अंगारे-धुपारे करू नका. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, आणि डॉक्टरांकडे न्या. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णालय गाठा. अशा मुलांनी अंधाऱ्या खोलीत, पडद्याला नाक लावून, जागरण करून खेळू नये. उघडझाप सुरू झालीच तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून नजर वळवावी.

खेळाची बाजूही ऐका

आरोपीची बाजू न ऐकता शिक्षा देऊ नये. २००७ साली अमेरिकेत ३३ शल्यचिकित्सकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटाला लहान भोके पाडून दुर्बिणीने करायच्या शस्त्रक्रियेच्या सरावात, पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक गेम खेळलेल्यांनी ३७ टक्के कमी चुका केल्या आणि काम २७ टक्के लवकर उरकले. याचा अर्थ गेम खेळून कोणी सर्जन होतो असा नाही. पण हात आणि डोळा यांचा मेळ बसायला मदत होत असावी.

आमच्या घरातल्या टेट्रिसचीही गोष्ट आहे. २००९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी काही स्वयंसेवकांना अपघातांची क्लेशदायक दृश्ये दाखवली आणि अर्ध्या तासाने त्यांतल्या काहींना दहा मिनिटे टेट्रिस खेळायला दिला. पुढच्या आठवडाभरात टेट्रिस खेळलेल्यांना ती दृश्ये कमी वेळा आठवली. विटा जुळवण्यात गुंतलेल्या मेंदूला भीतीची चित्रे पक्की करायला सवड मिळाली नाही, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे.

मग रोग कधी म्हणायचा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे. पण त्याच्या अटी नीट वाचा. खेळण्यावर स्वतःचा ताबा राहत नाही. जेवण, झोप, शाळा, मित्र या सर्वांच्या आधी खेळ येतो. आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही खेळणे चालूच राहते किंवा वाढते. या तिन्ही गोष्टी असाव्यात, त्याने आयुष्याची घडी खरोखर विस्कटलेली असावी आणि हे साधारण बारा महिने चाललेले असावे. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हे लागू होते. सुट्टीत चार दिवस मुलगा गेमला चिकटला म्हणजे त्याला रोग जडला असे नव्हे.

तरीही आजचे खेळ आणि आमचा कॉन्ट्रा यांत एक मोठा फरक आहे. आमच्या खेळाला शेवट होता. तीन लाइफ संपल्या की संपले. आठवी लेव्हल पार झाली की संपले. अडॅप्टर इतका तापे की तासाभराने बंद करावाच लागे. लाइट जाई, बातम्यांची वेळ होई, कुकरची शिट्टी होई. स्टँडमागच्या पार्लरमध्ये खिशातली नाणी संपत. आजच्या मोबाइलमधल्या पुष्कळ खेळांना शेवटच नाही. मेलात तरी दुसऱ्या क्षणी नवा डाव. रोज हजेरी लावली तर बक्षीस, नाही लावली तर नुकसान. दुसऱ्या गावचे चार गडी तुमच्यासाठी थांबलेले. पूर्वी खेळ आपोआप थांबे. आता थांबण्याचे काम एकट्या चौदा वर्षांच्या पोरावर येऊन पडले आहे. मोह आवरणारा मेंदूचा भाग पुरता पिकायला विशी उलटून जाते, हे आपण विसरतो.

त्यात पैसे लावून खेळायचे गेम निराळेच. तो खेळ नव्हे, जुगार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने त्यांच्यावर बंदीचा कायदा केला. ते घरात शिरले असतील तर त्याला छंद म्हणू नका.

माझी चूक

“मग फोडू ना फोन?” त्या गृहस्थांनी पुन्हा विचारले. तेव्हा मी त्यांना माझी चूक सांगितली.

२००० सालच्या जूनमध्ये मुलगा दहावीत गेला. मी तो काळा खोका, दोन्ही रिमोट, सगळ्या कॅसेट उचलून गोदरेजच्या कपाटात टाकल्या आणि किल्ली खिशात ठेवली. तो एक शब्द बोलला नाही. मला वाटले, शहाणा आहे, समजला. तीन महिन्यांनी कळले की क्लासच्या नावाखाली तो मित्राकडे जाऊन खेळतो. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी खोटे बोलला होता. मी खूप रागावलो. दहावीला मार्क चांगले पडले. पण जेवणाआधीचा तो अर्धा तास पुन्हा आला नाही. मी खोका उचलला तेव्हा त्याच्यासोबत शाळेच्या गप्पाही उचलल्या आणि त्या जागी काहीच ठेवले नाही. आमचे बोलणे पुन्हा मोकळे व्हायला बरीच वर्षे गेली.

गृहस्थ थोडा वेळ गप्प होते. मग हलक्या आवाजात म्हणाले, “साहेब, मी स्टँडमागच्या पार्लरमध्ये मुस्तफा खेळायचो. शाळा बुडवून. आमच्या दादांनी तिथंच धरलं आणि पट्ट्यानं घरापर्यंत मारत आणलं. अजून तो रस्ता टाळतो मी.”

मुस्तफा म्हणजे १९९३ सालचा डायनासोरांचा मारामारीचा गेम. त्यातल्या एका गड्याच्या नावाने तो आपल्याकडे ओळखला जाई. मुलगा वडिलांकडे टक लावून बघत होता. ही गोष्ट त्याने कधी ऐकलेली नव्हती. मग तोही बोलला. वर्गात त्याला कोणी विचारत नाही. गणिताच्या तासाला हसतात. “तिथं मी टीमचा कॅप्टन आहे,” तो म्हणाला.

रोगाचे मूळ हाताला लागले ते इथे. गेम हे त्याचे दुखणे नव्हते, त्याने स्वतः शोधलेले दुखण्यावरचे औषध होते. फक्त मात्रा फार झाली होती.

पालकांनी एवढे करावे

१) कोणता गेम, कोणाबरोबर आणि त्यात काय आवडते, हे आधी विचारावे. एकदा शेजारी बसून पाहावे.

२) “बंद कर” असे मध्येच ओरडू नये. “हा डाव संपला की जेवायला ये” असे सांगावे आणि मग मात्र ठाम राहावे. खेळाला शेवट नसेल तर तो आपण द्यावा.

३) रात्री झोपण्यापूर्वी तासभर घरातले सगळे फोन एकाच जागी चार्जिंगला लावावेत. यात वडिलांचाही फोन आला.

४) रोज दीड-दोन तास मैदान, सायकल, विहीर, तालीम, जे गावात असेल ते.

५) जेवढा वेळ काढून घ्याल, तेवढ्या वेळात मुलाला दुसरे काय देणार, हे आधी ठरवावे.

६) फोन एकाएकी हिसकावून घेऊ नये, फोडू नये, चारचौघांत अपमान करू नये. मूल “जगून काय उपयोग” अशी भाषा बोलू लागले, खाणे-बोलणे सोडले, स्वतःला इजा करू लागले तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते.

त्या मुलाला मी अंगठ्यासाठी पट्टा दिला, जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवायला सांगितले आणि वडिलांना एक पथ्य दिले : रात्री जेवणाआधी अर्धा तास मुलाकडून तो गेम शिकायचा. गृहस्थांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की डॉक्टरलाच तपासायची वेळ आली आहे.

संक्रांतीला तिघे तिळगूळ घेऊन आले. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. गणित अजून कच्चेच आहे आणि एका रात्री पुन्हा भांडण झाले होते. पण फोन साडेदहाला स्वयंपाकघरात जातो, अंगठा बरा आहे आणि रविवारी पोरगा क्रिकेटला जाऊ लागला आहे.

मी विचारले, “काय रे, बाबा खेळतात कसे?”

“काहीच येत नाही त्यांना,” तो हसत म्हणाला. “पहिल्या मिनिटाला पडतात. मग मला सगळं सोडून जाऊन त्यांना उठवावं लागतं.”